ओल्या हातांची पोरं

आये, तू गेल्यापासून आपल्या ओटीवर रोज माणसं येतात आणि आम्हाला न मिळालेल्या जेवणाची चव आम्हालाच सांगून जातात.

काल तुझं बारावं झालं. तोवर मी हेच ऐकत होते. कुणी तुझ्या कुळथाच्या पिठीबद्दल बोललं, कुणी फणसाच्या भाजीबद्दल. एक बाई तर पदर डोळ्यांना लावून रडली. "भर उन्हाचे पोचलंव गो, बोट उशिरा इलेली, येष्टी गेलेली, आणि तुझ्या आवशीन बसल्या जागी पान वाढल्यान. भातावर तळलेलो बांगडो. तसो बांगडो मी परत खावक नाय." मी तिच्यापुढे चहा ठेवला. तो बांगडा माझा होता, आये. मला तो दिवस आठवतो. त्या दिवशी मी परसात बसून चिंचेचा पाला चघळत होते. बाई निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, अन्नपूर्णा गेली. मी मान हलवली. अन्नपूर्णेच्या पोरांनी काय करायचं असतं ते तूच शिकवलेलं.

हे मी शाळेतल्या मराठीत लिहितेय. तुझ्याशी अशी मी कधी बोलले नाही. ऐकलं असतंस तर "इली मास्तरीण" म्हणून हसली असतीस. पण आपल्या बोलीत लिहायला बसले तर तुझाच आवाज कानात येईल, आणि तुझ्या आवाजात तुझ्यावर रागावणं मला अजून जमत नाही.

रागावलेय हे खरं. आल्यागेल्यांसमोर बोलता येत नाही म्हणून इथे बोलते.

बाबांचं काम पडावावरचं. मुंबईची बोट मालवणच्या बंदराला लागत नसे, लांब खोल पाण्यात उभी राहायची. उतारूंना बोटीवरून किनाऱ्यावर आणणारा मोठा मचवा म्हणजे पडाव, आणि बाबा त्यावर वल्हं मारायचे. बोटी चालू तोवर घरात काहीतरी यायचं. पावसात बोटी बंद झाल्या की बाबा ओटीवर बसून जाळी विणायचे आणि आपण त्यांच्याकडे बघत बसायचो. आपलं घर बंदरावरून एस्टी स्टँडकडे जाणाऱ्या वाटेवर. त्यामुळे मे महिन्यात शाळेला सुटी लागली, चाकरमानी यायला लागले, की बोट उशिरा आलेल्या प्रत्येक दिवशी कुणाची तरी गाडी चुकायची. आणि गाडी चुकलेलं ते माणूस बाबा हाताला धरून घरी आणायचे. ओळख नाही, पाळख नाही. कुणी आचऱ्याचं, कुणी नांदगावचं. एकदा तर एक म्हातारा आणला, त्याला आपण कुठल्या गावी चाललोय तेच आठवत नव्हतं.

इतर मुलं सुटीत आजोळी जायची. सुटी म्हटली की त्यांना आंबे आठवत असतील. मला आठवते ती मडकी तळाशी खरवडल्याचा आवाज. मे महिन्यात भाताची कणगी संपत आलेली असायची. त्यात चार माणसांचं रांधलेलं आठ माणसांना पुरवायचं, म्हणजे त्यातल्या काहींनी जेवायचं नाही हे उघड आहे. कोणी, हेही उघडच होतं.

पण नुसतं उपाशी ठेवणं तुला पुरलं नसतं. तुला ते नीटनेटकं हवं होतं.

पुढच्या अंगणात, खळ्यात, पाहुण्यांच्या वहाणा वाजल्या की तू हळूच म्हणायचीस, "हात ओले करून येवा." एवढंच. मी आणि अंतू मागल्या दाराने न्हाणीत जायचो, मनगटापर्यंत हात भिजवायचो, आणि पुसल्यासारखं करत ओटीवर यायचो. मग तू पाहुण्यांच्या देखत विचारायचीस, "जेवलास मा रे पोरांनो?" आम्ही म्हणायचो, "जेवलंव." पाहुण्यांना आमचे ओले हात दिसायचे. कुणाच्या मनात काही यायचं नाही. ते निवांत जेवायचे आणि जाताना तुझं कौतुक करायचे.

अंतूला बोलता यायला लागलं आणि तू त्याला हे शिकवायला बसलीस. आजी-आजोबा म्हणायच्या आधी तो "जेवलंव" म्हणायला शिकला. पाणी फार सांडलं तर तू त्याला परत पाठवायचीस. हात भिजलेले हवेत, कोपर नकोत. जेवून उठलेल्या मुलाचं कोपर कशाला भिजेल? किती बारीक डोकं होतं तुझं. असं डोकं घेऊन तू चुलीपुढे बसलीस याचं वाईट वाटतं, आणि ते डोकं तू आमच्यावर चालवलंस याचा राग येतो.

बाबांचं द्यायला शिकवणं वेगळं होतं. एका सुटीत आम्ही त्यांच्याबरोबर रापणीला गेलो होतो. किनाऱ्यावर मोठं जाळं ओढतात, दोराला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो. अंतू इतका लहान की दोरच त्याला ओढत होता. तरी त्याला वाटा मिळाला, मूठभर तारल्या आणि एक चांगला दांडगा बांगडा. किनाऱ्यावर एक म्हातारी बसली होती, तिला दोर धरवत नव्हता. बाबा अंतूला म्हणाले, "तो मोठो तिका दी बघू. दितलो कोण? राजा दितलो." अंतूने बांगडा दोन्ही हातांत धरून तिच्या मांडीवर नेऊन ठेवला. म्हातारीने त्याच्या गालाचे मुके घेतले. बाबांनी त्याला खांद्यावर बसवला आणि घरापर्यंत "राजा इलो, वाट सोडा" असं ओरडत आणलं. त्या दिवशी आम्ही तारल्यांचं सार भुरकून भुरकून खाल्लं. देण्यात मजा असते हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते मी विसरले नाही.

तुझ्याकडे मजा नव्हती, आये. तुझ्याकडे परीक्षा असायची.

आता शिरवाळ्यांबद्दल बोलू. इतकी वर्षं आपण बोललो नाही.

गोवा अजून पोर्तुगीजांकडून सुटला नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. अंतू सहा-सात वर्षांचा असेल. त्या सुटीत त्याने तुझ्यामागे शिरवाळ्यांचा धोशा लावला होता. शेजारच्या घरी झाले, त्याला वास आला, बस्स. तू म्हणालीस, पाणी भर, करते. त्याने पाणी भरलं. म्हणालीस, नारळ सोलून आण. त्याने कुणाकुणाच्या पाया पडून नारळ सोलून आणले. शेवटी तू कुठून तरी नवे तांदूळ मिळवलेस, दळलेस, आणि एका सकाळी साचा खाली काढलास. उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यातून दाबायचे असतात, निवले की पडत नाहीत. अंतू साच्याच्या दांड्यावर पोटाने लोंबकळत होता आणि खालून पांढऱ्या शेवया उतरत होत्या. मी नारळाचं दूध काढत होते. त्यात तू गूळ घातलास, वेलची घातलीस. आपल्या घरात वेलची! अंतू मला म्हणाला, "मी पाच येळा घेतलंय." पाच वेळा घेणार म्हणजे. तू हसलीस. तुझं ते हसणं मी पाहिलं, म्हणून पुढचं मला कधी समजलं नाही.

पानं मांडत होतो तोवर खळ्यात बाबांचा आवाज आला. "येवा, येवा. आपलाच घर समजा." मुंबईहून आलेलं कुटुंब होतं. नवरा, बायको, अंतूच्या वयाची एक मुलगी, मांडीवर एक तान्हं. बाबा तुला म्हणाले, "ह्यांची येष्टी गेली गो. खारेपाटणाक जावचा आसा. वाटेर कशी सोडू?"

"बरा केलास," तू म्हणालीस. "येवा, पाय धुवा. पानाच मांडलेली आसत."

आणि आत येऊन आमच्याकडे न बघता म्हणालीस, "हात ओले करून येवा."

मी गेले. सवयीने गेले. न्हाणीतून परत आले तर अंतू चुलीपाशीच होता, साच्याच्या दांड्याला धरून. पाहुण्यांची मुलगी त्याच्या पानावर बसली होती. ती बाई भली होती, तिने विचारलं, "अगो वयनी, असा अचानक इलंव आमी. तुमची पोरां जेवली काय?"

"जेवली मगे! जेवलास मा रे पोरांनो?"

"जेवलंव," मी म्हटलं.

अंतूने दांडा सोडला नाही. त्याचे हात कोरडे होते, पिठाने पांढरे. तू पुन्हा विचारलंस, "अंतू, जेवलंस मा रे?" तो तुझ्याकडे बघून म्हणाला, "मी जेवक नाय."

सगळे थांबले. ती बाई पानावरून उठायला लागली. आणि आये, तू हसलीस. सकाळचं नव्हे, दुसरंच काहीतरी. म्हणालीस, "खोटा बोलता तो. दोनदा जेवलो मेलो. खादाड आसा, पावणे इले की परत बसता. बसा वयनी, उठा नको."

पाहुण्यांची मुलगी फिसकन हसली. "खादाड," ती म्हणाली. मुलांना नवा शब्द सापडला की ती तो वापरतात, तिचा काही दोष नाही. बाई बसली, बाप्या जेवला, सगळं पातेलं रिकामं झालं. त्या मुलीने अर्धे शिरवाळे पानात टाकले, रस फार गोड झाला म्हणाली. ते पान तू गाईपुढे नेऊन ठेवलंस. जेवणं झाल्यावर हातावर पाणी घालायला तू तांब्या अंतूच्या हातात दिलास. त्याने एकेकाच्या हातावर पाणी घातलं. त्या मुलीच्याही. तेव्हा कुठे त्याचे हात ओले झाले.

बाबा खळ्यात उभे होते. त्यांना माहीत होतं आम्ही जेवलो नव्हतो. ते तंबाखू मळत राहिले. बाबांचं बरं होतं, ते माणूस दारापर्यंत आणून मोकळे व्हायचे.

पाहुणे पडवीत आडवे झाल्यावर तू आम्हाला पेज दिलीस, वर खारातल्या कैरीची फोड. मी प्यायले. अंतूपुढे वाटी सरकवलीस तर तो म्हणाला, "मी जेवलंय." तू म्हणालीस, "असा काय करतंस? पी." तो म्हणाला, "दोनदा जेवलंय." आणि उठून गेला. तू त्याच्यामागे गेली नाहीस. वाटी झाकून ठेवलीस.

त्या दिवसानंतर अंतूने कधी भूक लागली म्हटलं नाही. तू सगळ्यांना सांगायचीस, माझा झील किती शहाणा झाला, कधी काही मागत नाही. पुढे तो मुंबईला गेला, एका नातेवाइकाच्या खोलीवर राहिला, आणि पहिल्या वर्षी परत आला तो नुसता हाडांचा सापळा. त्या घरची बाई म्हणे रोज विचारायची जेवलास का, आणि हा रोज सांगायचा जेवलो. हात ओले करून सांगत असणार. ती बिचारी विश्वास ठेवायची. तुझी शिकवण पक्की होती, एका घरापुरती राहणारी नव्हती.

आणि दुसऱ्याने दिलेलं तू घेतलं असतंस तर मी हे सगळं एक वेळ पचवलं असतं. एका श्रावणात बाबा तापाने पडले होते. बोटी बंद, जाळी विकत घेणारं कोणी नाही. सकाळपासून चूल पेटली नव्हती. शेजारची काशी इरलं घेऊन पावसातून आली, इरल्याखाली वाफाळता भात झाकून. दारातच म्हणाली, "तुझ्या चुलीचो धूर दिसाक नाय गो सकाळपासून."

"लाकडा ओली आसत," तू म्हणालीस. "पण जेवणा झाली आमची. होय मा रे पोरांनो?"

भाताची वाफ माझ्या तोंडावर येत होती. मी म्हटलं, "जेवलंव." अंतू तर आता कधीच चुकायचा नाही. काशी आमच्या तोंडांकडे बघत उभी राहिली. तिला कळत होतं, ती काही मुंबईहून आलेली नव्हती. तू फडताळातून उरलीसुरली कोकमाची सोलं काढलीस आणि तिच्या भातावर ठेवलीस, भांडं रिकामं परत कसं पाठवायचं म्हणून. भरलेलं भांडं, आये! काशी भात आणि वर आपली सोलं घेऊन पावसात परत गेली. आता आठवून हसू येतं. तेव्हा अंतू भिंतीकडे तोंड करून पडला होता.

मी मास्तरीण झाल्यावर एकदा तुला विचारलं होतं. आपण ओटीवर काजू फोडत बसलो होतो. मी म्हटलं, तू द्यायला शिकवलंस, घ्यायला का नाही शिकवलंस? तू काजूच्या बीवरची नजर काढली नाहीस. म्हणालीस, "घेतल्यार लाज वाटता माणसाक. ती पावण्याक वाटा नये म्हणान तुमी जेवलंव म्हणायचा."

"आणि काशीचा भात? त्यात लाज कोणाची होती?"

"बी फुटली बघ तुझी. नीट मार."

तिथेच ते भांडण राहिलं. पुढच्या खेपेला बोलू म्हटलं, आणि पुढच्या खेपेला पाहुणे होते.

एक देणं मात्र मी कबूल करते. माझ्या नांदगावजवळच्या शाळेत एक मुलगी आहे. दुपारच्या सुटीत मुलं भाकऱ्या सोडतात तेव्हा ती विहिरीवर जाते आणि हात भिजवून परत येते. "जेवलंय बाई," म्हणते. माझ्या आधीच्या मास्तरांना ते कधी कळलं नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं. तिचं कोपर भिजलं होतं. मी तिला माझी अर्धी भाकरी देते, पण आधी तिला खरं बोलायला लावते. मोठ्याने. "बाई, मी जेवक नाय," असं म्हटल्याशिवाय देत नाही. ती लाजते, मग म्हणते, मग खाते. तुझ्यामुळे मला ती दिसली. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला शिव्या द्यायच्या, ते ठरत नाही.

या मे महिन्यात मी सुटीवर आले तर तू निम्मी झाली होतीस. मी बाबांना विचारलं, ही जेवते का? बाबा म्हणाले, "जेवता तर! माझ्या आदी जेवता हल्ली. मी बंदरावरसून येतंय तवसर हिचो हात धुवन होता." हात धुवन! आये, तू बाबांनाही ओले हात दाखवलेस. महिनोन् महिने तुझ्या पोटात काही ठरत नव्हतं आणि तू न्हाणीत जाऊन हात भिजवत होतीस. बाबांना काय कळणार? ते कधी तुझ्या तालमीत बसले नव्हते. घरात ओळखणारी दोनच माणसं होती, एक नांदगावला आणि एक मुंबईला.

डॉक्टरने पोट चाचपलं आणि बाहेर येऊन म्हणाला, फार उशीर केलात. बाबा त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, पण ती जेवायची हो साहेब, रोज जेवायची.

नंतरही तू तेच चालवलंस. मी पेजेची वाटी घेऊन बसायची, चमचा पुढे करायची, तू म्हणायचीस, "जेवलंय गो. तू जेव. पेज निवतली." एकदा माझा तोल गेला. मी ओरडले, "खंय जेवलंस? कोणी वाढल्यान तुका?" तू नुसती हसलीस. तेव्हा इतका संताप आला की ती सगळी पेज मी तुझ्यासमोर बसून, तुझ्याकडे बघत, एकेक चमचा करून संपवली. तुला टोचावं म्हणून. आणि तू काय केलंस? समाधानाने बघत राहिलीस. चाटूनपुसून संपवल्यावर म्हणालीस, "बरा वाटला." तुझ्याशी भांडून कोण जिंकणार?

अंतूला तार केली होती. तो बोटीवर चढला असेल त्या संध्याकाळी मी शेवटचं विचारलं. मला एवढं एकच हवं होतं तुझ्याकडून. दुसरं काही मागितलं नाही. मी विचारलं, "आये, शिरवाळ्यांच्या दिवशी अंतू जेवक नव्हतो. तुका ठावक होता मा?" तू आढ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलशील. म्हणशील की होय, ठाऊक होतं, आणि मला ते जन्मभर सललं. किंवा म्हण की नाही सललं. काहीही म्हण. तू म्हणालीस, "त्या खारेपाटणच्या चेडवान कसा चाटूनपुसून खाल्ल्यान गो."

तिने अर्धं टाकलं होतं, आये. गाईने खाल्लं. मी तुला हेही सांगितलं नाही. पहाटे तू गेलीस, दुपारी अंतूची बोट आली. बाबाच त्याला पडावातून आणायला गेले होते.

काल बाराव्याला परसातल्या दगडी गडग्यावर कावळ्याचं पान ठेवायचं होतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढतात. काशीने मला विचारलं, "आवशीक काय आवडायचा गो?" मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. अंतूकडे पाहिलं, त्याने मान हलवली. बाबा म्हणाले, "तिका सगळाच आवडायचा." म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही तुझी माणसं, आणि तुला कधी एक घास मिटक्या मारत खाताना कोणी पाहिलेलं नाही. अंतू उठला आणि माळ्यावरून साचा काढून आणला. मी गोळे उकडले, त्याने दाबले. आता त्याला लोंबकळावं लागत नाही.

पान ठेवलं. माडावर कावळे बसले होते, एकही खाली येईना. ओटीवर माणसं खोळंबली होती, तुझ्या हातचं जेवलेली सगळी, आता तुझ्या नावाने जेवायला आलेली. कावळा शिवल्याशिवाय पंगत बसत नाही. बाबांनी हात जोडले, म्हणाले, पोरांचा मी बघतंय, तू जा. कावळे हलले नाहीत. मी म्हटलं, बाबांना एकटं ठेवणार नाही, बदली मागून घेते. नाही. काशी म्हणाली, अंतूचं लग्न मी जमवते. एक कावळा उडाला आणि दुसऱ्या माडावर जाऊन बसला. ऊन चढलं. ओटीवरून कुजबूज यायला लागली की हिचा जीव कशात अडकलाय.

अंतू सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि न्हाणीकडे गेला. परत आला तेव्हा त्याचे हात मनगटापर्यंत ओले होते. कोपरं कोरडी. मला तिथे ओरडावंसं वाटलं. तो गडग्यापाशी गेला, पानापुढे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "आये, मी जेवलंय."

कोणाला काही कळलं नाही. बाबांना कळलं, ते खाली बसले.

मीही न्हाणीत गेले, हात भिजवले, येऊन अंतूशेजारी उभी राहिले. म्हटलं, "आमी जेवलंव, आये. तू जेव."

कावळा आला. शिरवाळ्यांत चोच घातली, रस सांडला, मग आणखी दोन आले. ओटीवर सगळे म्हणाले, सुटली बाई. पंगत बसली, आम्ही दोघं वाढायला उभे राहिलो.

आम्ही उपाशी आहोत हे तू तेव्हाही ओळखलं होतंस. कालही ओळखलं असणार. पण काल तू आमच्यावर विश्वास ठेवलास आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्याआधी जेवलीस.